खाकीची सनद

मुंबईकराच्या स्मरणात भिवपुरी दोनच कारणांनी असते. कर्जतच्या एक स्थानक अलीकडे लोकल थांबते ते भिवपुरी रोड, आणि 1922 पासून ठोकरवाडीच्या जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून लोखंडी नळांतून खाली आणून ज्या वीजगृहात टाटांनी मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज निर्माण केली ते भिवपुरी. प्रस्तुत लेखाचा विषय वीज नव्हे, पोलीस हा आहे. परंतु या गावापासून प्रारंभ करण्याचे प्रयोजन असे की, येथल्या सामान्य माणसाच्या जीवनात परवान्यांचे जाळे किती दाट विणलेले आहे हे मुंबईपेक्षा अशा ठिकाणी अधिक स्पष्ट दिसते. घरात तारा ओढून देणाऱ्या तारतंत्र्याला परवाना लागतो. स्थानकाबाहेरच्या रिक्षावाल्याच्या छातीवर परिवहन कार्यालयाने दिलेला बिल्ला असावा लागतो. कर्जतच्या दवाखान्यातील डॉक्टरचे नाव वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत असावे लागते, आणि कर्जतच्या न्यायालयात काळा कोट घालून उभ्या राहणाऱ्याजवळ महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेची सनद असावी लागते. या सर्वांच्या बाबतीत एक गोष्ट समान आहे, आणि तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही: काम देणारा एक असतो व सनद देणारा दुसरा. रुग्णालयाने डॉक्टरला काढून टाकले तरी तो डॉक्टरच राहतो. उलट, रुग्णालयाची त्याच्यावर कितीही मर्जी असली तरी परिषदेने नाव खोडले की त्या मर्जीचा काही उपयोग उरत नाही.

मनुष्याला पकडण्याचा, त्याच्या घराची झडती घेण्याचा, त्याला कोठडीत डांबण्याचा आणि प्रसंगी त्याच्यावर गोळी झाडण्याचा अधिकार ज्याला आहे त्या पोलिसाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याला काम देणारे आणि त्याची योग्यता ठरविणारे हात एकच आहेत. त्याने गैरवर्तन केल्याचा आरोप झाला तर जी चौकशी होते ती मूलतः मालक व नोकर यांच्यामधील चौकशी असते. ‘या मनुष्याच्या हाती हा अधिकार राहावा काय’ हा नागरिकाच्या दृष्टीने एकमेव महत्त्वाचा असलेला प्रश्न तीत विचारला गेला तर केवळ आनुषंगिकपणे विचारला जातो.

वास्तविक सनदेचे बीज आपल्या कायद्यात फार पूर्वीच पेरलेले आहे. 1861 च्या पोलीस कायद्यात नेमणूक झालेल्या शिपायाला सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र द्यावे असे कलम होते. 1951 साली जो मुंबई पोलीस अधिनियम झाला, आणि पुढे ज्याचे नाव महाराष्ट्र पोलीस अधिनियम असे झाले, त्याच्या 14 व्या कलमात ती तरतूद आजही शाबूत आहे. निरीक्षक व त्याखालील दर्जाच्या प्रत्येक पोलीस अधिकाऱ्याला नेमणुकीच्या वेळी विहित नमुन्यातील प्रमाणपत्र मिळावे, तो दलातून बाहेर पडताच ते रद्दबातल व्हावे, आणि तो निलंबित असेल तितका काळ ते निष्प्रभ राहावे, असे हे कलम सांगते. निलंबनाच्या काळात पोलिसाचे अधिकार स्थगित होतात, शिस्तीचे व जबाबदारीचे बंधन मात्र कायम राहते, अशी पुस्ती 15 वे कलम जोडते. कायदा करणाऱ्यांना पोलिसाची नोकरी आणि पोलिसाचा अधिकार या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे कळले होते, हे यावरून उघड आहे. त्यांनी केले नाही ते एवढेच की, त्या कागदाला स्वतंत्र आयुष्य दिले नाही. तो नोकरीच्या खुंटीला बांधून ठेवला. नोकरी गेली की कागद गेला, आणि नोकरी परत मिळाली की कागदही आपोआप जिवंत झाला. मधल्या काळात त्या मनुष्याच्या योग्यतेविषयी कोणी काही ठरविले की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

हे केवळ तर्कट नव्हे हे दाखविण्यास ख्वाजा युनूस प्रकरणाइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात दुसरे सापडणार नाही. 2 डिसेंबर 2002 रोजी घाटकोपरला झालेल्या बॉम्बस्फोटाच्या संदर्भात परभणीचा हा तरुण अभियंता त्याच महिन्याच्या अखेरीस पकडला गेला. जानेवारी 2003 मध्ये त्याला औरंगाबादकडे नेत असता नगर जिल्ह्यात जीपला अपघात झाला आणि तो निसटून गेला, अशी पोलिसांची कैफियत होती. उच्च न्यायालयाच्या आदेशाने गुन्हे अन्वेषण विभागाने तपास केला तेव्हा तो पळालाच नव्हता, तर कोठडीत मरण पावला होता, असा निष्कर्ष पुढे आला. तपासात चौदा पोलिसांकडे बोट दाखविण्यात आले. खटला भरण्यास शासनाने मंजुरी दिली ती चौघांविरुद्ध. त्या चौघांतील सहायक निरीक्षक सचिन वाझे यांना 2004 मध्ये अटक होऊन निलंबित करण्यात आले. 2007 मध्ये त्यांनी दिलेला राजीनामा मंजूर झाला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी एका राजकीय पक्षात प्रवेश केला. आणि निलंबनाला सोळा वर्षे झाल्यावर जून 2020 मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील आढावा समितीने त्यांना सेवेत परत घेतले. करोनाच्या साथीत मनुष्यबळ अपुरे पडते, हे कारण त्या वेळी सांगण्यात आले. युनूसच्या मृत्यूचा खटला तोवर निकालात निघालेला नव्हता. म्हणजे सोळा वर्षे निष्प्रभ पडलेले प्रमाणपत्र एका बैठकीत पुन्हा सजीव झाले. इतकेच नव्हे, तर त्याच्या धारकाकडे मुंबई गुन्हे शाखेतील एका महत्त्वाच्या पथकाची सूत्रे आली. पुढील वर्षी, मार्च 2021 मध्ये, एका उद्योगपतीच्या निवासस्थानाजवळ स्फोटकांची गाडी आढळल्याच्या प्रकरणी राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना अटक केली, आणि मे महिन्यात राज्यघटनेच्या 311 व्या अनुच्छेदातील अपवादाचा आधार घेऊन, चौकशीविना, त्यांना बडतर्फ करण्यात आले. त्या आरोपांचे काय व्हायचे ते न्यायालयात होईल. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, सोळा वर्षे ज्याविषयी काहीच निर्णय होऊ शकला नाही त्याच नोकरीचा निर्णय दोन महिन्यांत झाला. आणि परत घेणे व काढून टाकणे या दोन्ही वेळी विचार झाला तो शासनाच्या सोयीचा.

शासनाची स्वतःची शिस्त दुखावली म्हणजे हात किती चपळ होतात याचा दाखला त्याहून जुना आहे. ऑगस्ट 1982 मध्ये मुंबईच्या शिपायांनी उठाव केला तेव्हा त्यांच्या संघटनेवर बंदी आली, पुढाऱ्यांना अटक झाली, आणि अनेकांना घरचा रस्ता दाखविण्यात आला. कोठडीत मनुष्य मरतो तेव्हा मात्र प्राथमिक चौकशी, दोषारोपपत्र, चौकशी अधिकाऱ्याची नेमणूक, साक्षीदारांची उलटतपासणी, कारणे दाखवा नोटीस आणि अंतिम आदेश अशी एकेक पायरी संथपणे चढली जाते. हा सोपान चुकीचा आहे असे मला म्हणायचे नाही. अनुच्छेद 311 ने शासकीय नोकराला दिलेले संरक्षण लहरी वरिष्ठाविरुद्ध आहे, आणि पोलीस दलात लहरी वरिष्ठांची उणीव कधीच भासली नाही. ज्या शिपायाला साप्ताहिक सुटी मिळण्याची भ्रांत, ज्याची ‘कसुरी’ हजेरीला दहा मिनिटे उशीर झाला म्हणून लिहिली जाते आणि ज्याला ‘गडचिरोलीला पाठवीन’ ही धमकी नोकरीत केव्हा ना केव्हा ऐकावी लागते, त्याच्यापासून हे संरक्षण हिरावून घ्यावे असे कोणीही विचारी मनुष्य म्हणणार नाही. परंतु एका माणसाची भाकरी आणि दुसऱ्या माणसाचे स्वातंत्र्य हे दोन प्रश्न एकाच दप्तरात बांधले म्हणजे पहिला प्रश्न दुसऱ्याला गिळून टाकतो. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे, ज्याला पोलिसांच्या बोलीत नुसते ‘मॅट’ म्हणतात, बडतर्फीचा हुकूम जातो तेव्हा तेथे तपासले जाते ते हे की, हुकूम देणारा सक्षम होता काय, मुदत पाळली काय, कागदपत्रांच्या प्रती दिल्या काय. कार्यपद्धतीत खोट निघाली की अधिकारी परत येतो, आणि त्याच्याबरोबर त्याचे अटकेचे, झडतीचे व शस्त्राचे अधिकारही येतात. कारण त्यांना वेगळे ठेवण्याची जागाच कायद्याने निर्माण केलेली नाही.

आता भिवपुरीच्या मनुष्याच्या बाजूने पाहू. समजा, वीटभट्टीवरून परतलेल्या एखाद्या कातकरी कुटुंबातील पुरुषाला ठाण्यात नेऊन मारहाण झाली, आणि सर्व भीती गिळून त्याने दाद मागण्याचे ठरविले, तर तो जाईल कोठे? ज्या ठाण्याविरुद्ध तक्रार त्याच ठाण्यात फिर्याद नोंदविणे हा पहिला मार्ग. दुसरा मार्ग कर्जतच्या उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांचा. तिसरा जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांचा. आणि ते बसतात अलिबागला, जेथे पोहोचण्यास खोपोली, पेण, वडखळ अशी वाहने बदलत अख्खा दिवस मोडावा लागतो. रायगडच्या या घाटपायथ्याच्या पट्ट्याचे हे जुनेच दुर्दैव आहे की त्याला आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा मुंबई जवळची. योगायोग असा की, पोलिसांविरुद्धच्या गंभीर तक्रारी ऐकण्यासाठी निर्माण झालेल्या राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाचे कार्यालयही मुंबईतच आहे, आणि भिवपुरी रोडहून थेट लोकल त्या बाजूला जाते.

हे प्राधिकरण शासनाच्या औदार्यातून आलेले नाही. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी सात निर्देश दिले. त्यांपैकी एक असा की, प्रत्येक राज्यात राज्य व जिल्हा अशा दोन्ही पातळ्यांवर तक्रार प्राधिकरणे असावीत आणि त्यांच्या शिफारशी संबंधितांवर बंधनकारक असाव्यात. महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून हे प्राधिकरण कायद्यात आणले: अध्यक्षस्थानी उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, सदस्यांत निवृत्त पोलीस अधिकारी, निवृत्त सनदी अधिकारी व समाजातील प्रतिष्ठित व्यक्ती. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, लाचलुचपत, खंडणी, जमीन वा घर बळकावणे असे विषय त्याच्या कक्षेत आले. परंतु न्यायालयाने सांगितलेल्या दोन गोष्टी मसुदा लिहिताना हलक्या हाताने बदलल्या गेल्या. जिल्ह्याच्या जागी महसुली विभाग आला, म्हणजे कर्जत-खालापूरच्या माणसाचे प्राधिकरण अख्ख्या कोकणचे झाले. आणि ‘बंधनकारक’ या ठिकाणी अशी योजना झाली की, प्राधिकरणाचा अहवाल शासनाकडे जाईल, शासनाने तो स्वीकारला तर त्याला प्राथमिक चौकशीचे स्थान मिळेल किंवा त्यावरून गुन्हा नोंदविला जाईल, आणि अपवादात्मक परिस्थितीत, कारणे नमूद करून, शासन तो फेटाळूही शकेल. निवृत्त न्यायमूर्तींनी पुरावा तोलून काढलेला निष्कर्ष ही प्राथमिक चौकशी! तिच्यानंतर खात्याची चौकशी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू होणार, आणि तिच्यानंतर मॅट उभे आहेच. प्रमाणपत्र निष्प्रभ करण्याचा अधिकार या साऱ्या व्यवस्थेत कोठेही प्राधिकरणाकडे नाही.

याच लोकलमार्गावर मुंबईकडे निघाले की काही स्थानकांवर बदलापूर लागते. तेथील शाळेतील लहान मुलींवरील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातील आरोपी सप्टेंबर 2024 मध्ये पोलिसांच्या गाडीत, मुंब्र्याजवळ, गोळी लागून मेला. कायद्याने आवश्यक असलेली न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली, तिच्या अहवालात गाडीतील पाच पोलिसांवर ठपका आला, आणि एप्रिल 2025 मध्ये उच्च न्यायालयाने विशेष पथकामार्फत तपासाचा आदेश दिला. त्या आरोपीविषयी लोकांच्या मनात कमालीचा संताप होता, आणि गोळीबाराच्या बातमीनंतर पेढेही वाटले गेले. परंतु पोलिसाच्या अधिकाराची कसोटी सज्जनाला पकडताना लागत नाही. या प्रकरणात दंडाधिकारी, गुन्हे अन्वेषण विभाग, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय एवढ्या दारांवर प्रश्न गेला, आणि प्रत्येक दारी तो गुन्हा घडला काय, तपास कोणी करावा, असाच विचारला गेला. गुन्हा शाबीत होण्यास निःसंशय पुरावा लागतो. एखाद्याच्या हाती सरकारी पिस्तूल ठेवावे की नाही हे ठरविण्यास तेवढा लागू नये. हा दुसरा प्रश्न विचारील असे दार आपल्याकडे नाही.

ते अन्यत्र आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोने 1959 च्या सुमारास पोलिसाला राज्याचे प्रमाणपत्र सक्तीचे केले, आणि मग एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली. हजारो लहानमोठ्या पोलीस खात्यांच्या त्या देशात एका नगराने काढलेला शिपाई शेजारच्या नगरात रुजू होत असे, आणि तेच रोखण्यासाठी प्रमाणपत्र काढून घेण्याचा अधिकार राज्याच्या मंडळाला हवा होता. हे न झाल्यास काय होते ते क्लीव्हलँडमध्ये दिसले. 22 नोव्हेंबर 2014 रोजी तामीर राइस या बारा वर्षांच्या मुलावर, त्याच्या हातातील खेळण्यातले पिस्तूल खरे समजून, ज्या अधिकाऱ्याने गोळी झाडली त्याला आधीच्या गावच्या पोलिसांनी शस्त्र हाताळण्यास अयोग्य ठरविले होते. तो राजीनामा देऊन निघाला, आणि क्लीव्हलँडने त्याचे जुने दप्तर उघडूनही पाहिले नाही. त्याच्यावर खटला उभा राहिला नाही. 2017 मध्ये त्याला काढले ते अर्जात खोटी माहिती दिली म्हणून. 2022 मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका गावाने त्याला पुन्हा पोलिसात घेतले, आणि लोकांनी ओरड केल्यावरच तो बाहेर पडला. कॅलिफोर्नियासारखे प्रगत म्हणविणारे राज्यदेखील प्रमाणपत्र हिरावून घेण्याचा कायदा 2021 मध्ये करू शकले, इतका पोलीस संघटनांचा विरोध तेथे चिवट होता. इंग्लंडने निराळी युक्ती काढली: डिसेंबर 2017 पासून बडतर्फ पोलिसांची बंदी-यादी तेथील पोलीस महाविद्यालयाकडे असते, आणि चौकशी चालू असता राजीनामा दिला तरी ती पुढे चालवून त्याचे नाव यादीत घालता येते.

आपल्याकडे एका राज्यातून काढलेला शिपाई दुसऱ्या राज्यात रुजू होण्याचे भय फारसे नाही. आपला भटका अधिकारी बदलीच्या हुकुमाने भटकतो. तक्रार गाजली की त्याला नियंत्रण कक्षाशी संलग्न करतात, वर्तमानपत्रात ‘उचलबांगडी’ असे छापून येते, आणि बोभाटा शमला की तो दुसऱ्या ठाण्यात अंमलदार म्हणून बसतो. तेथील लोकांना त्याच्या मागल्या दप्तराची वार्ताही नसते. वकिलावर शिस्तभंगाची कारवाई झाली तर परिषदेकडे पाहता येते, पोलिसाचे सेवापुस्तक मात्र त्याच्या वरिष्ठांखेरीज कोणी पाहायचे नसते. आणि वरिष्ठ तरी पाहतात काय? सहायक निरीक्षक अश्विनी बिद्रे यांचा खून एप्रिल 2016 मध्ये झाला. त्यांच्या बेपत्ता होण्याची चौकशी व्हावी म्हणून घरची माणसे दारोदार फिरत होती, आणि जानेवारी 2017 मध्ये ज्या अधिकाऱ्यावर त्यांचा संशय होता त्या अभय कुरुंदकराला राष्ट्रपतींचे पोलीस पदक जाहीर झाले. पनवेलच्या सत्र न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये त्याला जन्मठेप दिली, तेव्हा त्याच्या नावाची शिफारस झालीच कशी, हा प्रश्न न्यायासनावरून विचारला गेला. त्याचे उत्तर माझ्या मते साधे आहे. पदकाची फाइल एका टेबलावर होती व तक्रारीची दुसऱ्या. दोन्ही एकत्र पाहणे हे कोणाचेच काम नव्हते.

पोलिसांसाठीही अशी स्वतंत्र सनदेची योजना आणली तर हे सारे आपोआप सुधारेल, असे मानण्याइतका भाबडेपणा माझ्यात नाही. सनद ही चौकशीच्या जिवावर जगते. तपासणारा बोटचेपा असेल, साक्षीदार दबलेला असेल, ठाण्यातील कॅमेरा नेमका त्या रात्री बंद असेल, तर वकील परिषदेसारखी कितीही भारदस्त परिषद स्थापली तरी तिच्यापुढे कोरे कागदच येतील. शिवाय वकील व डॉक्टर यांच्या परिषदांचा अनुभव सर्वस्वी उत्साहवर्धक आहे असेही नाही. समव्यवसायींनी समव्यवसायींना सांभाळून घेण्याची कला तेथेही चांगली मुरलेली आहे. सर्वांत मोठी धास्ती ही की, अशा मंडळापुढे बळी जाईल तो शिपाई आणि जमादार, हुकूम देणारा नव्हे. कलम 14 पुन्हा वाचावे म्हणजे ही धास्ती निराधार नाही हे कळेल. प्रमाणपत्र आहे ते निरीक्षक व त्याखालच्यांना. त्यांच्या वर जे बसतात त्यांना तेवढा कागददेखील नाही. भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्याची शिस्त 1969 च्या केंद्रीय नियमांनी बांधलेली असून त्याला बडतर्फ करण्याचा अधिकार केंद्र शासनाचा आहे. त्यामुळे राज्यात सत्तांतर झाले की एकाच अधिकाऱ्याचे निलंबन कर्तव्यकाळात रूपांतरित होते, हेही आपण अलीकडेच पाहिले.

भिवपुरीच्या परिसराला वरच्या हुकुमाची जुनी ओळख आहे. 1942 च्या पावसाळ्यानंतर माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले, आणि 2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडच्या रानात हॉल या इंग्रज अधिकाऱ्याच्या तुकडीने त्यांना व हिराजी पाटलांना गोळ्या घातल्या. कोतवाल वकील होते. त्यांची सनद काढून घेण्याची रीत त्या काळच्या कायद्यातही लिहिलेली होती. हॉलने उत्तर द्यायचे होते ते केवळ आपल्या वरिष्ठाला. त्या रचनेतील वरिष्ठ बदलले, निशाण बदलले, उत्तरदायित्वाची दिशा मात्र 1951 च्या कायद्याने तशीच ठेवली.

तथापि कायदेमंडळाला या विषयाची समजच नाही असे म्हणता येत नाही, कारण एका ठिकाणी ती अगदी स्वच्छपणे प्रकट झाली आहे. कर्जत-खालापूरच्या शेतघरांच्या फाटकांवर आणि खोपोलीच्या कारखान्यांच्या दारांवर खासगी एजन्सीचे जे पहारेकरी उभे असतात, त्यांच्यासाठी संसदेने 2005 मध्ये कायदा केला. एजन्सीला परवाना हवा, पहारेकऱ्याच्या चारित्र्याची खातरजमा हवी, त्याचे प्रशिक्षण झालेले हवे; आणि लष्करातून, शासकीय सेवेतून किंवा पोलीस दलातून गैरवर्तनाबद्दल काढून टाकलेल्या मनुष्याला पहारेकरी म्हणून नेमू नये, असे त्याचे 10 वे कलम सांगते. निलंबित मनुष्य काढून टाकलेला नसतो, म्हणून हे कलम त्याला लागू पडत नाही. मात्र ज्याला काढले आहे त्याला एखाद्या बंगल्याच्या दारावर शिटी घेऊनही उभे राहता येत नाही. आणि तोच हुकूम मॅटने तांत्रिक दोषावरून रद्द केला, तर दुसऱ्या दिवशी तो कंबरेला पिस्तूल लावून त्याच बंगल्याची झडती घेऊ शकतो.